मँचेस्टरला एकच महानगरपालिका आहे का? कचरा, बस, पोलीस कुणाकडे?

नाही, एकच नाही. ग्रेटर मँचेस्टरमध्ये, म्हणजे मँचेस्टर आणि भोवतालच्या शहरांच्या मिळून बनलेल्या भागात, दहा स्वतंत्र कौन्सिल (स्थानिक पालिका) आहेत: मँचेस्टर, सॅलफर्ड, बोल्टन, विगन, स्टॉकपोर्ट वगैरे. इरवेल नदीवरचा पूल ओलांडला की मँचेस्टर संपून सॅलफर्ड सुरू होतं, त्यामुळे घर घेताना पत्ता कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत येतो ते आधी बघा. कचरा उचलणं, शाळाप्रवेश, बांधकाम परवानगी, वृद्धांची देखभाल, वाचनालयं हे सगळं तिथूनच चालतं. प्रत्येक वॉर्डातून तीन नगरसेवक असतात.

1974 पासून या दहांच्या वर सगळ्या ग्रेटर मँचेस्टरची मिळून एक काउंटी कौन्सिलही होती. थॅचर सरकारने 1986 मध्ये ती बरखास्त केली. माझ्या मते ती मोठी चूक होती, कारण बस आणि रस्ते हद्दी पाहून थांबत नाहीत. पुढे 2011 मध्ये दहाही कौन्सिलनी मिळून संयुक्त प्राधिकरण उभं केलं आणि 2017 पासून त्याचा महापौर लोक थेट निवडतात. पहिले अँडी बर्नहॅम. हे पद आपल्या महापौरासारखं मानाचं नव्हे, त्याला खरे अधिकार आहेत. पोलीस आणि अग्निशमन त्याच्या अखत्यारीत येतात, आणि बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणात आली तीही याच व्यवस्थेमुळे. (मँचेस्टरचा ‘लॉर्ड मेयर’ वेगळा, तो फक्त समारंभापुरता.)

घरी येणारं कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारख्या कराचं) बिल नीट वाचा: पैसे कौन्सिलच गोळा करते, पण पोलिसांचा आणि महापौराचा वाटा त्यात वेगळ्या ओळींत दाखवलेला असतो.