वीसातल्या चौदांनी घरचं तूप ओळखलं, मग जिंकलं कोण?

प्रश्न: गणपतीत आमच्याकडे २० पाहुणे जेवायला होते. आईने प्रत्येकाला दोन वाट्या दिल्या, एकीत घरचं तूप, दुसरीत विकतचं. १४ जणांनी घरचं बरोबर ओळखलं. आई म्हणते झालं सिद्ध, बाबा म्हणतात नुसता तुक्का मारला तरी एवढे येतात. कोणाचं खरं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: बाबांचं म्हणणं घरबसल्या तपासता येतं. समजा सगळ्यांनी खरंच तुक्का मारला, म्हणजे प्रत्येकाचं बरोबर यायची शक्यता निम्मी. आता एक्सेल उघडा, एका ओळीत २० सेलमध्ये रँडबिटवीन ० ते १ टाका (प्रत्येक सेलमध्ये आपोआप ० किंवा १ येतो, १ म्हणजे बरोबर ओळखलं), शेवटी बेरीज करा, ही झाली एक खोटी पंगत, अशा हजार ओळी खाली ओढा आणि काउंटइफ लावून मोजा की १४ किंवा त्याहून जास्त किती ओळींत आले. नुसते १४ मोजायचे नाहीत, कारण १७ आले असते तर आईने तेही आपल्याच बाजूने धरले असते ना!

उत्तर साधारण ५८ येईल, दर वेळी थोडं इकडेतिकडे. म्हणजे ५.८ टक्के. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२५ मध्ये ५ टक्क्यांची रेघ रूढ केली, म्हणजे तुक्क्याने एवढं घडणं त्याहून क्वचित असेल तरच तुक्का नाही असं धरायचं, तिच्या हे जरासं बाहेर, पण ती रेघ काय देवाने आखलेली नाही, मी तरी आईंना निम्मे मार्क देईन. फक्त याचा अर्थ 'तुक्का असायची शक्यता ५.८ टक्के' असा काढू नका, तुक्का आहे असं धरून चाललो तर एवढं क्वचित घडतं, इतकंच.

खरी गंमत पाहुण्यांच्या संख्येत आहे. तेच ७० टक्के, पण १० जणांत ७ आले असते तर हजारातल्या १७२ खोट्या पंगतींत तसं दिसतं, म्हणजे काहीच कळलं नाही. ४० जणांत २८ आले असते तर हजारात जेमतेम ८, मग बाबांना गप्प बसावं लागलं असतं. माणसं वाढली की तुक्क्याचे आकडे ५० टक्क्यांना चिकटून राहतात, पण फार हळू, पसारा निम्मा करायला माणसं चौपट लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी ८० जणांचा स्वयंपाक कोण करणार ते आधी ठरवा.

आणि हो, डोळे मिटून चाखायला दिलं होतं का? घरचं तूप रवाळ दिसतं, बघूनच कळतं. शिवाय पहिल्याच काकूंनी मोठ्यांदा 'हेच घरचं' म्हटलं असेल आणि बाकीच्यांनी मान डोलावली असेल तर ती २० वेगळी मतं नाहीतच, मग वरचा सगळा हिशोब सोडून द्या.