जेंडरबद्दल गोंधळ आहे, नक्की काहीच ठरत नाही. गोव्यात सपोर्ट कुठे शोधू? की आधी घरी सांगू?

‘आधी नक्की कर, मग सांग’ हे तुला कोणीतरी ऐकवलंच असणार. मला दादाने ऐकवलं, चुलतभाऊ माझा, 2019 च्या चवथीला. तो स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचं फळा-पानांचं छत, बांधत होता, मी खालून केवणीचे दोर आणि कांगलां वर देत होते, आणि बोलता बोलता तोंडातून ‘थांब, देते’ निघून गेलं. देतो नाही, देते. दादाचा हात वरच थांबला. मग मी अर्धंमुर्धं सांगितलं. तो ओरडला वगैरे नाही, नुसतं म्हणाला, आधी तुझं तू नक्की कर, मग बघू.

अरे पण नक्की झाल्यावर सपोर्ट हवाय कशाला? गोंधळ असतो तेव्हाच लागतो ना! हाच दादा दोन वर्षं डिप्लोमा करून सोडून आला तेव्हा अख्ख्या घराने त्याला सांभाळून घेतलं, कोणी म्हटलं नाही आधी नक्की कर म्हणून.

तर माझं मत, घरी आधी सांगू नको. आधी एकच माणूस शोध, ज्याच्यासमोर चुकलेलं चालेल. मला मिळाली ती फोंडा–पणजी कदंब बसमधली मैत्रीण. मराठीत आपली गोची अशी की साधं ‘येतो’ म्हटलं तरी जेंडर सांगून मोकळं, म्हणून मी वर्षभर ‘यायचंय, जायचंय’वर काढलेलं. तिला म्हटलं, महिनाभर माझ्याशी ‘ती’ म्हणून बोलून बघ, नाही जमलं तर सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी बाणस्तारीच्या पुलाजवळ ती सहज म्हणाली, ‘आज उशीर झाला गो तुला.’ रे नाही, गो. पणजी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले. अजून काही दिवस असे येतात की रे पण नको आणि गो पण नको, ते पण तिला सांगता येतं.

डॉक्टरचं म्हणशील तर मी एका सायकियाट्रिस्टकडे गेलेले, त्यांनी लग्नाचा सल्ला दिला, पैसे देऊन निघाले. असं कोणी ‘बरं करतो’ म्हणालं तर सरळ उठ. डब्ल्यूएचओने 2019 मध्येच ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय आणि कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे हेच असलं ‘बरं करणं’, हे डॉक्टरचं गैरवर्तन असं नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये सांगितलंय. रात्री फारच जड गेलं तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ग्रुप मिळाला तर जा, पण पहिल्याच भेटीत तुला लेबल चिकटवणारे पण दादाचेच भाऊ समज.

हां, हे सगळं मी स्वतः कमावते म्हणून मला सोपं गेलं. तू शिकत असशील, घरच्या पैशावर असशील, तर घरी सांगायची घाई अजिबात नको. आणि तुझे आईबाबा खरंच ऐकून घेणारे असतील तर माझं काही ऐकू नको, तुला जास्त माहीत.

ट्रान्सजेंडर हक्कांवरच्या 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आपलं जेंडर आपण ठरवायचं, ऑपरेशनची अट नाही. दादाला हे दाखवलं तर म्हणतो, कोर्टाचं सोड, तुझं नक्की झालं का? दादा, हे वाचत असशील तर डिप्लोमाचं उत्तर अजून बाकी आहे.