सायगावच्या पत्त्यावर आलेले प्रश्न

प्रश्न : माझे आजोबा १९५९ ते १९६१ या काळात सायगावला, आंतरराष्ट्रीय आयोगाच्या भारतीय शिष्टमंडळात होते. एक युरोपीय मुत्सद्दी तेव्हा व्हिएतनामच्या राजकारणावर पुस्तक लिहीत होता. त्याची पत्रं घरात सापडली. त्यात नुसते प्रश्न आणि तर्क आहेत, आजोबांच्या उत्तरांच्या प्रती नाहीत. त्याचे बरेच तर्क पुढे चुकलेही. ही पत्रं ठेवावीत का?

उत्तर : ठेवाच. आजोबांची उत्तरं मिळाली असती तर आनंद झाला असता, पण त्यांवर फार भिस्त ठेवू नका. मी परराष्ट्र सेवेत आयुष्य काढलंय. नोकरीतला माणूस बाहेरच्याला किती जपून लिहितो ते मला ठाऊक आहे. प्रश्न विचारणारा मात्र भाबडेपणाने आपलं सगळं अज्ञान उघडं करतो, आणि १९६० साली शहाण्या माणसाला काय माहीत नव्हतं हे आपल्याला तिथेच कळतं.

तो आजोबांनाच का विचारत होता? १९५४च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करायला जो आयोग नेमला, त्यात भारत अध्यक्ष, कॅनडा आणि पोलंड सदस्य. उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोई आणि दक्षिणेची सायगाव, या दोन्ही बाजूंकडे अधिकृतपणे जाऊ शकणारी माणसं तेव्हा मोजकीच. ‘जाऊ शकणारी’ म्हणजे अर्थात यजमान सरकारने जाऊ दिलं तर.

आता वाचायचं कसं ते सांगतो. प्रत्येक पत्राची तारीख पाहा आणि त्या तारखेनंतरचं सगळं काही वेळ विसरा. उत्तरेतल्या कम्युनिस्ट पक्षाचा नेता त्रुओंग चिन्ह याचं उदाहरण घ्या. उत्तरेतल्या जमीन सुधारणेत अत्याचार झाले, आणि १९५६च्या शरदात त्याला पक्षाचं सरचिटणीसपद सोडावं लागलं. तेव्हा कोणी ‘हा गृहस्थ संपला’ असं लिहिलं असेल, तर हसू नका. तो पॉलिटब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, राहिला, आणि नंतरचा सरचिटणीस ले दुआन वारल्यावर जुलै १९८६ मध्ये काही महिन्यांसाठी पुन्हा सरचिटणीस झाला. तीस वर्षांपुढचं कुणाला दिसतं?

तुमच्या पत्रांच्या काळातला खरा वाद दुसराच आहे, आणि तो त्यात असणारच : दक्षिणेतला उठाव हनोई चालवतंय, की दक्षिणेचा अध्यक्ष दिएम याच्या सरकारच्या छळामुळे तिथलेच कार्यकर्ते उठलेत? मे १९५९ मध्ये दिएमने खास लष्करी न्यायालयांचा कायदा आणला. मृत्युदंड हे त्यातलं मुख्य शस्त्र. त्याच वर्षी जानेवारीत हनोईत केंद्रीय समितीने दक्षिणेत शस्त्र उचलायला संमती दिली होती, पण गुपचूप. मे महिन्यात माणसं आणि सामान दक्षिणेकडे पोहोचवण्यासाठी ५५९ ही तुकडीही उभी राहिली. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पत्रलेखकाला त्यांतली एकच दिसत होती. कोणती, ते त्याच्या प्रश्नांवरून कळेल. सगळीकडे हो चि मिन्हबद्दलच विचारणा असेल आणि ले दुआनचं नाव नसेल, तर तेही टिपून ठेवा. १९६०च्या सप्टेंबरात पक्षाची धुरा ले दुआनकडे गेली, तरी बाहेरच्यांची नजर बराच काळ म्हाताऱ्या हो चि मिन्हवरच खिळून होती.

शेजारी आयोगाचा जून १९६२चा खास अहवाल ठेवा. त्यात भारत आणि कॅनडाने उत्तरेच्या घातपाती कारवाया आणि दक्षिणेतली अमेरिकी लष्करी मदत, दोन्हींवर बोट ठेवलं. पोलंडने वेगळं मत नोंदवलं.

पाकिटं फेकू नका, शिक्क्यांवरच्या तारखा कामी येतात. लॅमिनेशन करू नका, कागद मरतो. आणि छापण्याआधी एक लक्षात घ्या : कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं स्वीकारतं, तिथे विचारून पाहा.

प्रश्न : नोकरीत असताना मुत्सद्दी असं पुस्तक लिहू शकतो का? (दुसऱ्या एका वाचकाकडून)

उत्तर : वरिष्ठांची परवानगी असेल तर. डग्लस पाईक अमेरिकी माहिती सेवेत सायगावला होता. व्हिएत काँगवरचं, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांवरचं, त्याचं पुस्तक १९६६ साली, नोकरीत असतानाच आलं. त्याने जमवलेले कागद आज टेक्सास टेक विद्यापीठात कुणालाही पाहता येतात. परवानगी न मिळालेल्यांची हस्तलिखितं कुठे आहेत, ते त्यांच्या बायकांना विचारा.