वाचकांचे प्रश्न : अंगणापेक्षा बाजेवर चेंडू जास्त का उसळला?

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत सातवीच्या विद्यार्थ्यांनी एक रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून सिमेंटचा ओटा, सारवलेले अंगण, नांगरलेली काळी जमीन आणि कुटाराचा ढीग यांवर सोडून प्रत्येक ठिकाणी उसळीची उंची मोजली. ‘पृष्ठभाग जितका कठीण, तितकी उसळी जास्त’ असा निष्कर्ष मुलांनी वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितले, की तोच चेंडू घरच्या नायलॉन पट्टीच्या बाजेवर सोडला असता अंगणातल्यापेक्षा बराच वर आला. मग निष्कर्ष चुकला असे समजायचे का? शिवाय सकाळच्या आणि दुपारच्या नोंदी जुळत नाहीत, त्याचे काय करावे?
— एक विज्ञान शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : त्या मुलीची नोंद वहीत अवश्य घ्या; साऱ्या प्रयोगात सर्वांत मोलाची नोंद तीच आहे. मुलांचा निष्कर्ष त्यांनी निवडलेल्या चार जागांपुरता बरोबर आहे, पण बाज आली की तो अपुरा पडतो. एक मीटरवरून सोडलेला चेंडू खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. टेकल्यानंतर त्याची गतिज ऊर्जा काही प्रमाणात चेंडू चेपण्यात आणि काही प्रमाणात खालचा पृष्ठभाग दबण्यात खर्च होते, आणि त्यातली किती ऊर्जा चेंडूला परत मिळते यावर उसळी ठरते. नांगरलेली जमीन दबते ती दबलेलीच राहते : ढेकळे फुटतात, माती सरकते आणि चेंडू उचलला की खाली खळगा दिसतो. कुटारातल्या काड्याही एकमेकींवर घासत खाली बसतात. बाजेची पट्टी मात्र ताणली जाते आणि पूर्ववत होताना चेंडूला वर लोटते. टेनिसची रॅकेट घट्ट आवळून बसवली, तर तिच्या जाळीवर चेंडू सिमेंटपेक्षाही जास्त उसळतो, कारण ताणलेली जाळी घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करते आणि चेंडूला स्वतःला कमी चेपावे लागते. बाज तिथपर्यंत पोहोचेल असे नाही. पण सैल बाजेवर एकदा आणि ती ताणून घेतल्यावर पुन्हा, असे मोजून पाहण्याजोगे आहे.

चेंडू कमी चेपल्याने फायदा का होतो, हे सिमेंटच्या नोंदीवरून समजेल. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार सामन्याचा नेहमीचा चेंडू २५४ सेंमी उंचीवरून कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडला असता १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे काँक्रीटवरसुद्धा जवळपास निम्मी ऊर्जा जाते, आणि ती काँक्रीट दबल्यामुळे जात नाही, तर चेंडूचे रबर चेपताना आणि उलगडताना उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणूनच ओटा आणि शहाबादी फरशी यांच्या नोंदींत फारसा फरक आढळला नाही, तर मुलांनी गोंधळून जाऊ नये. चेंडूला खडूची पूड चोळून तो ओट्यावर सोडून पाहा. फरशीवर गोल पांढरा ठसा उमटेल आणि चेंडू जितक्या उंचावरून सोडाल तितका तो ठसा मोठा येईल. चेंडू किती चेपला, हे त्यावरून डोळ्यांना दिसते.

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींची अशीच नोंद केली आहे. टकरीनंतर दूर जाण्याचा वेग आणि टकरीपूर्वी जवळ येण्याचा वेग यांचे गुणोत्तर त्याला काचेच्या गोळ्यांसाठी १५ : १६ आणि घट्ट आवळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ५ : ९ मिळाले. आपल्या मुलांनीही नुसती उंची न लिहिता गुणोत्तर काढावे. उसळीच्या उंचीला सोडण्याच्या उंचीने भागले की किती ऊर्जा परत आली ते कळते, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे वेगांचे गुणोत्तर. १०० सेंमीवरून सोडलेला चेंडू ६४ सेंमी वर आला, तर ६४ टक्के ऊर्जा परत आली आणि वेग ०.८ पट उरला. वर्गमूळ सातवीला जड वाटल्यास पहिल्या भागाकारावर थांबले तरी चालेल.

सकाळ-दुपारच्या फरकाला दोन कारणे संभवतात. रबर तापले की चेपताना कमी ऊर्जा गमावते. चेंडू पोकळ आणि हवाबंद असेल, तर आतल्या हवेचा दाबही वाढतो (२० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापल्यास सुमारे ८ टक्के), आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला चेंडू तेवढा सहज तापतो. दुसरे कारण अंगणाचे. सकाळी सडा घातलेला असतो, ओली माती मऊ पडते आणि चेंडूची उसळी कमी करते. काळ्या मातीत हे अधिक जाणवते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते. तेव्हा चेंडू सावलीत ठेवावा आणि सगळ्या जागांच्या नोंदी एकाच वेळी घ्याव्यात. उंची चेंडूच्या तळापासून मोजावी आणि पाहणाऱ्याचा डोळा त्याच पातळीवर असावा. मोबाइलवर चित्रण करून ते सावकाश पाहिल्यास उत्तम. ढेकळांवर चेंडू तिरका उडतो, त्या नोंदी सरासरीत धरू नयेत.

प्रश्न : न वापरता डब्याबाहेर पडून राहिलेला टेनिसचा चेंडू वर्षभराने मंद का पडतो?
— एक पालक, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : अशा चेंडूत बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाने हवा किंवा वायू भरलेला असतो आणि तो रबरातून हळूहळू झिरपून जातो. नवा डबा उघडताना ‘फुस्स’ आवाज येतो, कारण ही गळती थांबवण्यासाठी डब्यातही दाबाखाली हवा भरलेली असते. भरीव रबरी चेंडूला हा त्रास नाही, म्हणून वर्षभर चालणाऱ्या शालेय प्रयोगासाठी तोच घ्यावा.