डॅनफर्थकडे बघ

अगं,

काल फोनवर म्हणालीस ना की आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल', ते अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटूक-खटल्यांवरचं नाटक, वाचून झालं आणि चेटकाचे खोटे आरोप करणाऱ्या पोरींची म्होरकी, त्या अ‍ॅबिगेलचा जाम राग आला. येऊ दे, मलाही पहिल्यांदा तिचाच आला होता. पण तू न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणारेस, तर आता नाटक परत वाच आणि यावेळी पोरींकडे नको, खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाकडे, डॅनफर्थकडे बघ. खोटं बोलणारे साक्षीदार तुला रोज भेटतील गं, त्यात काय विशेष.

तिसरा अंक काढ. जॉन प्रॉक्टर आणि फ्रान्सिस नर्स कोर्टात एक कागद घेऊन येतात, ९१ जणांच्या सह्या, चेटकिणी म्हणून पकडलेल्या फ्रान्सिसची बायको रिबेका, प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ आणि मार्था कोरी या बायका चांगल्या आहेत एवढंच त्यात लिहिलेलं. आणि कोर्ट काय करतं, तर सह्या करणाऱ्या सगळ्यांवरच वॉरंट! बिचाऱ्या फ्रान्सिसने त्या लोकांना शब्द दिलेला असतो की सही केल्याने तुम्हाला काही होणार नाही. मी इथे पुस्तक मिटून चहा टाकायला उठले होते.

डॅनफर्थ मूर्ख नाहीये, लाचखाऊ तर नाहीच नाही. त्याचं म्हणणं ऐक, चेटूक हा न दिसणारा गुन्हा, तो बघणार कोण तर चेटकीण आणि जिच्यावर चेटूक झालं ती, चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, मग उरली दुसरी, तिच्यावर विश्वास ठेवा, वकिलाची गरजच काय. ऐकायला कसं बिनतोड वाटतं ना? फक्त गुन्हा मुळात घडलाय का, हे कोणी सिद्धच केलेलं नाही.

१६९२ च्या खऱ्या सेलममधे तर आरोपीची छाया येऊन छळते हासुद्धा पुरावा धरायचे, म्हणजे बाई स्वतःच्या घरी झोपली होती असं दाखवून उपयोग शून्य. रिबेका नर्सला ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं होतं, मग त्यांना पुन्हा विचार करायला लावलं आणि ती दोषी ठरली, फाशी गेली. एकूण १९ जण फासावर गेले, मार्थाचा नवरा जाइल्स कोरी, त्याला दगडांखाली चिरडलं. आणि ज्यांनी कबूल केलं ते वाचले! मग कबुल्या येणार नाहीत तर काय, आणि आलेली प्रत्येक कबुली पुढच्या माणसाविरुद्ध पुरावा.

चौथ्या अंकात डॅनफर्थ फाशी पुढे ढकलत नाही, का, तर आधीच बारा जणांना दिलीये, आता थांबलो तर त्यांचं काय. (मिलरने हे १९५३ मधे लिहिलं, आणि तीन वर्षांनी अमेरिकन संसदेच्या समितीने त्यालाच कम्युनिस्टांची नावं सांग म्हणून बोलावलं. त्याने दुसऱ्यांची नावं दिली नाहीत.)

एक सांगते, कोणाला बोलले नाहीये. ज्युनिअर वकील असताना एका पोराला मी सल्ला दिला होता, कबूल करून टाक, दंड भर आणि सुट, तारखांचा त्रास तरी वाचेल. चोरी त्याने केली होती का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

तर त्या ९१ सह्यांच्या पानावर पेन्सिलने खूण कर आणि डॅनफर्थच्या खुर्चीत तू असतीस तर त्या अर्जावर काय ऑर्डर दिली असतीस ती लिहून पाठव. एक पान पुरे.

तुझी,
मावशी