लो अलार्म सारखा वाजतोय

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरच्या धुरावर झिरकोनियाचा (सिरॅमिक सेलचा) ऑक्सिजन अ‍ॅनालायझर आहे. रीडिंग एरवी ४-५ टक्के असतं, पण २ टक्क्यांचा लो अलार्म शिफ्टभर वाजतो. सेटिंग १ वर आणू का? कॅलिब्रेशनचा झीरो शुद्ध नायट्रोजनवर घेतला तर चालेल?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सेटिंगला हात लावू नका. ओला बगॅस फीडरमधून गठ्ठ्याने पडला की ऑक्सिजन क्षणभर खाली जाणारच. २ तसाच ठेवा, वीसेक सेकंदांचा डिले द्या आणि रीडिंग २.५ ला चढल्यावरच अलार्म सुटेल एवढा हिस्टेरेसिस ठेवा. तरीही वाजला तर हवा खरंच कमी पडतेय. एफडी फॅनचा (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, बघा.

नायट्रोजन नकोच. झिरकोनिया सेलचं व्होल्टेज दोन बाजूंच्या (एकीकडे धूर, दुसरीकडे हवा) ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर चालतं, तिथे शून्याला अर्थच नाही. नायट्रोजनमध्ये २ टक्के ऑक्सिजन असलेला, सर्टिफिकेटवाला सिलिंडर मागवा. दुसरा बिंदू इन्स्ट्रुमेंट एअर, २०.९५ टक्के, कोरडी आणि बिनतेलाची. फ्लो मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच.

त्याआधी आउटपुट होल्डवर टाका (बाहेर जाणारं रीडिंग गोठवा), हे मात्र सगळे विसरतात! नाहीतर हवा आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ट्रिम लूपला २०.९५ दिसतं आणि तो इमानेइतबारे हवा तोडत सुटतो. काम झालं की कॅलिब्रेशन पोर्टची टोपी घट्ट बसवा. ड्राफ्ट निगेटिव्ह असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. बाहेरची हवा आत ओढली गेली तर रीडिंग फुगतं, आणि खरी वेळ आली तरी लो अलार्म गप्प बसतो.