कूरसचे गर्डल : कमरपट्टे की तवे?

प्रश्न असा : स्कॉटलंडमधल्या कूरस गावाच्या वर्णनात 'इथले लोहार गर्डलसाठी नावाजलेले होते' असं वाक्य आहे. कोशात गर्डल म्हणजे कमरपट्टा. मग लोहार कमरपट्टे घडवायचे का?

नाही, तवे घडवायचे. हा गर्डल म्हणजे 'ग्रिडल' (तवा) या इंग्रजी शब्दाचं स्कॉट्स बोलीतलं रूप. त्यातला 'र' जागा बदलून स्वराच्या नंतर गेला. आपण 'चिकटणे'चं 'चिटकणे' करतो, तोच हा वर्णविपर्यय. इंग्रजीतलं 'बर्ड'सुद्धा मुळात 'ब्रिड' होतं. कमरपट्टावाला गर्डल 'वेढणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दकुळातला, तव्याचा जुन्या फ्रेंचमधून आलेला. दोघांचा संबंध नाही.

गावाचं नाव मात्र अक्षरांवरून 'कलरॉस' लिहू नये. त्यातला 'ल' तिथे कोणी उच्चारत नाही.

फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या काठावरच्या या चिमुकल्या गावाला कोळशाने श्रीमंत केलं. सर जॉर्ज ब्रूस यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस थेट समुद्राच्या तळाखालून कोळसा काढला. भरतीत चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी दगडी भिंत बांधून त्यांनी खाणीची विहीर खणली होती. हा खरोखर थक्क करणारा उद्योग 1625च्या वादळात बुडाला. त्यांचं पिवळ्या भिंतींचं घर आजही उभं आहे. त्याला 'पॅलेस' म्हणतात खरं, पण ते व्यापाऱ्याचं घर. भाषांतरात 'राजवाडा' करू नये.

त्याच कोळशावर समुद्राचं पाणी आटवून मीठ निघे आणि लोहारांच्या भट्ट्याही चालत. सहाव्या जेम्स राजाने तर गर्डल घडवण्याचा एकाधिकारच कूरसकरांना दिला होता. हा तवा सपाट, गोल, लोखंडी; वर बादलीला असते तशी अर्धगोल कडी, म्हणजे साखळीने चुलीवर टांगता येतो. त्यावर ओटच्या पिठाच्या पातळ चकत्या भाजत आणि मग विस्तवासमोर उभ्या करून कडा वळेपर्यंत सुकवत. म्हणून त्यांना 'भाकरी' म्हणणं मला पटत नाही. भाकरी फुगते, ही खुटखुटीत होते. पुढे 1759मध्ये जवळच कॅरनचा लोखंडाचा कारखाना निघाला. त्याच्या स्वस्त ओतीव तव्यांपुढे कूरसचे घडीव तवे मागे पडले.

तेव्हा भाषांतरात 'घडीव लोखंडी तवे' लिहा, आणि पहिल्या उल्लेखाला 'गर्डल' हे नावही ठेवा. स्कॉटिश स्वयंपाकघरात ते अजून चालतं : पाककृतीत 'गर्डल स्कोन' दिसले तर ते तव्यावर भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे जाडसर पाव.